नाकाने पास केलेला कोळसा

चांदवडला लग्नकार्यात कुणी विचारलं, तुमची मुलगी काय करते, तर आई सांगते, "कोळशाच्या वखारीत आहे." बी.एस्सी. केमिस्ट्री, पहिला वर्ग, आणि कोळशाची वखार! एकदा चिडून मी तिला अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. कारखान्यातलं घाण पाणी बाहेर सोडण्याआधी ते शेवटी करवंटीच्या कोळशाच्या थरातून जाऊ देतात. त्या कोळशाच्या दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. पाण्यातला रंग, वास, औषधांचा अंश त्या छिद्रांत अडकून बसतो. काही महिन्यांनी छिद्रं भरतात आणि कोळसा काहीच धरेनासा होतो. तो फेकून न देता आमच्याकडे येतो. आम्ही तो बंद भट्टीत, हवा लागू न देता, वाफ सोडून लाल होईपर्यंत तापवतो. अडकलेली घाण निघून जाते, कोळसा राहतो आणि परत कामावर जातो. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करा बाई. आमच्याकडे तर म्हणतात, कोळसा उगाळावा तितका काळाच." मी हात जोडले.

आमची शेड नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या अंगाला आहे. पुढे छोटं ऑफिस, त्याला लागून माझी लॅब, मागे भट्टी. लॅब म्हणजे एक ओटा, एक वजनकाटा, एक ओव्हन आणि काचेची थोडी भांडी. भट्टी म्हणजे आडवा पडलेला लांबच लांब लोखंडी नळा, आतून विटांचा, दिवसभर सावकाश फिरणारा. एका तोंडाने थकलेला कोळसा आत जातो, दुसऱ्या तोंडाने ताजा होऊन बाहेर पडतो. किती वेळ ठेवायचा, आच किती, वाफ किती, हे सगळं भट्टीवरच्या माणसाच्या हातात. कमी तापला तर घाण आतच राहते. जास्त तापला तर कोळशाचीच राख होते.

भट्टीवर मामा होते. वयाने साठीला टेकलेले, घोटीजवळच्या एका खेड्यातले. घरी भाताची चार खाचरं, ती मुलं कसायची. मामा तरुणपणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा ओढायला होते, नंतर इथे आले ते भट्टीपाशीच राहिले. सगळी शेड त्यांना मामा म्हणायची, आमचे शेठसुद्धा.

मामांचं यंत्र म्हणजे त्यांचं नाक. भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याचा पळा घालून ते मूठभर कोळसा काढायचे, पत्र्यावर पसरून निववायचे, मग तळहातावर घेऊन नाकाशी न्यायचे. डोळे मिटायचे. दोन श्वास. "नाय झाला. अजून रंग हाय पोटात," असं म्हणाले की आच वाढायची. "झाला, काढा," म्हणाले की गोण्या लागायच्या. नव्याने आले तेव्हा मला हसू आलं होतं. मी काय, पुस्तकातून आलेली. प्रत्येक बॅचचा आयोडीन नंबर काढायची. कोळशाची पूड आयोडीनच्या तपकिरी पाण्यात हलवायची आणि तिने किती आयोडीन धरून ठेवलं ते मोजायचं. जितकं जास्त धरेल तितका कोळसा चांगला. आठशेच्या वर आकडा आला की बॅच पास. ही तपासणी नीट करायची तर नमुना वाळवा, दळा, उकळा, गाळा, अर्धा दिवस जातो.

पहिलं वर्षभर मी प्रत्येक बॅच तपासली. मामा "झाला" म्हणाले आणि माझा आकडा आठशेच्या खाली आला, असं एकदाही घडलं नाही. एकदाही! मग मी दोन बॅचमागे एक तपासू लागले. मग चारमागे एक. शेठना माल लवकर हलवायचा असायचा, ड्रायव्हर हॉर्न वाजवत उभा असायचा आणि मामांचं नाक कधी चुकत नव्हतं. शेवटी शेवटी मामांनी मान हलवली की मी सरळ बॅचच्या कार्डावर आकडा लिहायची. एकदा आठशे पंचवीस, एकदा आठशे चाळीस. रोज तोच आकडा लिहिला तर कुणालाही शंका येईल, एवढी अक्कल पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीला असते. खाली सही, ती मात्र ठसठशीत. प्रत्येक बॅचचा थोडा नमुना बरणीत घालून कपाटात ठेवायचा नियम होता, तो मी न चुकता पाळायची. चोर नियमाचे पक्के असतात.

अशी माझी सात-आठ वर्षं गेली. मी स्वतःला आळशी समजत नव्हते. मला वाटायचं, ही आमची पद्धत आहे, अनुभवाला मान देण्याची पद्धत.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मामांना ताप आला. वीसएक दिवस ते घोटीलाच होते. भट्टी बंदच होती, तशीही गिऱ्हाइकं थंडावली होती. परत आले तेव्हा शर्ट खांद्यावरून उतरत होता, पण भट्टी पेटवताना हात तेच होते. मी विचारलं, "मामा, आता बरं ना सगळं?" म्हणाले, "एक नंबर." पुन्हा पत्रा, पुन्हा तळहात, पुन्हा मिटलेले डोळे आणि दोन श्वास. मी पुन्हा आकडे लिहू लागले.

त्या पावसाळ्यात एक दिवस सिन्नरच्या वाटेवरच्या एका सूत रंगवणाऱ्या कारखान्यातून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडच्या सांडपाण्याच्या टाक्या तेच सांभाळायचे. चष्म्याला दोरी, हातात थंड पेयाची जुनी बाटली. बाटलीत पाणी होतं, गुलाबी. तसं म्हटलं तर छान दिसत होतं, पण ते आमच्या कोळशातून गेलेलं पाणी होतं. ते काचेसारखं निघायला हवं होतं.

"नवा कोळसा भरून आठ दिवस झाले नाहीत," ते शेठना म्हणाले. "आमच्या खालच्या अंगाला नाला आहे. एक बाई त्या नाल्यावर मेथी-कोथिंबीर करते. काल डाग पडलेला पाला घेऊन दारात आली होती."

शेठनी मला कार्ड घेऊन बोलावलं. आकडा होता आठशे तीस. शेठनी कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. "आमच्याकडून ओके गेलाय माल. तुमच्याकडेच रंग जास्त पडत असेल. बघा जरा."

त्या गृहस्थांनी कार्ड वाचलं. माझ्या सहीवर त्यांचं बोट होतं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमनी तपासलंय म्हटल्यावर चूक आमचीच असणार." आणि बाटली पिशवीत घालून गेले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. कपाटात त्या बॅचची बरणी होती, अर्ध्या दिवसात खरं-खोटं कळलं असतं. मी बरणी काढली नाही. कारण ती काढली असती तर मला काय दिसेल, याची थोडी कल्पना मला आली होती.

त्यानंतर आठवडाभरात कांद्याचा माल भट्टीत होता. माझ्या माहेरच्या बाजूला कांदा वाळवणारे कारखाने आहेत. त्यांतल्या एकाच्या धुण्याच्या पाण्याचा वास काढून आलेला तो कोळसा. त्या गोण्या उतरल्या की सगळी शेड तोंडाला रुमाल बांधायची. सडका कांदा, त्यात गंधक, आणि वर काय सांगू! मी लॅबच्या दारात उभी होते, भट्टीपासून पंधरा-वीस पावलांवर. मामांनी पळा काढला, कोळसा पत्र्यावर पसरला. वास माझ्यापर्यंत आला, चांगला घशात बसला. कोळसा ओला आलेला, धड अर्धाही झालेला नव्हता. मामांनी तो तळहातावर घेतला, नाकाशी नेला. डोळे मिटले. दोन श्वास घेतले.

"झाला," म्हणाले. "काढा."

गोण्या धरणारे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पण मामा म्हणाले म्हणजे झाला, त्यांनी गोण्या लावल्या. मामांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना मी दिसले. माझा हात नाकावर होता. ते बघून त्यांचा चेहरा उतरला.

जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच लॅबमध्ये आले. एरवी ते दाराच्या आत पाऊल टाकत नसत, "काचेचा कारभार" म्हणून. आज स्टूल ओढून बसले.

"ताई, तापात गेलं ते आलंच नाय. डॉक्टर म्हनला, येईल हळूहळू. चार महिने झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घरी शेगडीचा गॅस चालू राह्यला व्हता, मी बाजूला बसून बिडी काढीत व्हतो. सुनेनं वरडून हातातनं काडेपेटी घेतली. तवापासून घरात मला चुलीपाशी बसू देत नाय कुणी. आता हितं पन सांगू?"

मग ते खाली बघून म्हणाले, "शेठला सांगू नका. शेठ मला काढनार नाय, मला ठावं हाय. गेटवर बसवतील. गेटवर बसलेल्या मानसाला कोन काय इचारतं, ताई? गाडी आली, उघड. गाडी गेली, लाव."

खरं सांगते, मला आधी राग आला. मामांचा आला. माझ्या सहीखाली हा माणूस चार महिने खोटं घालत होता! मग रागाला बसायला जागा मिळेना. सही माझी, आकडा माझा, कपाट माझं. त्यांचं नाक गेलं हे त्यांनी लपवलं, पण माझी तपासणी तर मीच बंद केली होती आणि तेही लपवलंच होतं. मामांचं सांगायला गेले असते तर पहिला प्रश्न आला असता की मग हे आकडे कुठून आले. मी म्हटलं, "नाही सांगत. पण इथून पुढे मी प्रत्येक बॅच तपासणार. मी हो म्हटल्याशिवाय गोणी भरायची नाही." त्यांनी हात जोडले. मला ते आवडलं नाही. दया म्हणून मी काहीच करत नव्हते, मी माझी कातडी वाचवत होते.

कांद्याचा माल परत भट्टीत घातला. संध्याकाळी बरण्या काढल्या. गुलाबी पाण्याच्या बॅचचा आकडा आठशे तीस नव्हता, पाचशेही नव्हता. तिच्या मागच्या-पुढच्या सहा बॅचांपैकी चार नापास.

खरं वागायला लागले आणि तिथेच पंचाईत झाली. खऱ्या तपासणीला अर्धा दिवस लागतो. तोवर भट्टी तशीच ठेवायची कशी? कोळसा जळत राहणार. काढून ठेवला आणि नापास झाला तर परत घालायचा, भट्टीचा गॅस दुप्पट. चार दिवसांत गोण्यांची रांग लागली. शेठ लॅबच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, सात-आठ वर्षं चहा प्यायच्या आत आकडा यायचा. आता दुपार उलटते. काय, आयोडीन म्हातारं झालं का?" शेठ मूर्ख नव्हते. ते हसत म्हणाले, पण जाताना कपाटाकडे एकदा बघून गेले.

त्या दिवशी मामा माझ्या ओट्याशी उभे होते. मी वाळलेला नमुना काट्यावर टाकत होते. ते म्हणाले, "झालेला कोळसा आनि न झालेला, दोन्ही येका भांड्यात भरा बरं. काठोकाठ. कोनता जड?"

मी भरले. न झालेला जड निघाला. थोडासाच, पण जड.

"असनारच," ते म्हणाले. "पोटात घान हाय ना त्याच्या. झालेला आतून रिकामा. आमच्याकडं भात मापट्यानं बघतात. भरलेला दाना मापट्याला जड, पोचट दाना हलका. भातात पोचट वाईट. हितं पोचटच चांगला." आणि स्वतःच हसले. नाक गेल्याचं कळल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मापटं आणलं. पितळेचं, काठ झिजून कागदासारखा झालेला, एका अंगाला ठोका पडलेला. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या भात त्यानेच मोजला जायचा. आम्ही त्यात निवलेला कोळसा भरायचो, बाजूने तीन वेळा टिचकी मारायचो, काठावरची शीग पट्टीने उतरवायचो आणि वजन करायचो. तीच बॅच मग मी आयोडीनला लावायची. महिनाभर आम्ही दोघं हेच करत होतो. मला कॉलेजातही इतकी गोडी लागली नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाचा कोळसा वेगळा, म्हणून प्रत्येकाचं वजन वेगळं. सूतवाल्याचा इतक्यावर आला की झाला, कांदेवाल्याचा तितक्यावर, औषधवाल्याचा आणखी खाली. वजन खाली गेलेलं आणि आयोडीन नापास, असं एकदाही झालं नाही. फार खाली गेलं तर समजायचं, आता कोळसाच जळतोय. पाच मिनिटांचं काम. पुढे मी पुस्तक उघडलं तर त्यात हे लिहिलेलं होतंच. मी ते परीक्षेला पाठ केलं होतं आणि पेपर देऊन विसरले होते.

गोण्यांची रांग संपली. शेठ खूश झाले. गप्प बसले असते तर सगळं मागे पडलं असतं. पण मला सिन्नरच्या रस्त्याने जायची वेळ आली की तो चष्मेवाला माणूस आठवायचा. तो तिकडे चूक शोधत असणार, जी त्याच्याकडे नव्हतीच. एका सकाळी मी मामांना म्हटलं, "मी शेठना सांगणार आहे. माझ्या आकड्यांचं. तुमचं नाव काढत नाही."

"माझं काढल्याबिगर तुमचं कसं सांगनार?" ते म्हणाले. "चला, मी पन येतो."

आम्ही दोघं शेठपुढे उभे राहिलो. मामांनी आपलं दोन वाक्यांत सांगितलं. माझं लांबलं, कारण मी मध्येमध्ये कारणं घालत होते, ड्रायव्हरचा हॉर्न वगैरे. शेठनी सगळं ऐकलं. मामांना म्हणाले, "तुम्ही बसा, मामा." मला बसायला सांगितलं नाही.

"त्यांचं नाक गेलं होतं," शेठ म्हणाले. सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच ते मला एकेरीत बोलले. "तुझं काय गेलं होतं?"

मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही.

नापास झालेल्या पाचही बॅचा परत आणायच्या, पुन्हा भट्टीत घालायच्या आणि मी स्वतः जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, असं ठरलं. सूतवाल्यांकडे मी सगळ्यांत आधी गेले. ते गृहस्थ टाकीच्या कडेला उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी दोन महिने आमच्याच माणसांवर ओरडलो, मॅडम. एक जण तर सोडून गेला." एवढंच. त्यांनी चहा मागवला, मला तो प्यावा लागला. त्या चहाचा एकेक घोट मला आठवतो.

पंधरा दिवसांनी शेठनी मला बोलावलं. मला वाटलं, आता माझा निकाल. पण ते म्हणाले, "मामांना गेटवर घेतोय. पगार तोच. गॅसची भट्टी आहे, नळीत कुठे गळती झाली तर त्यांना कळणार नाही. माझ्या जिवाला घोर नको. आणि आता तुमच्या त्या मापट्यामुळे भट्टीवर कुणीही चालतो. वजन बघायला काय, दोन डोळे पुरतात." पुन्हा अहो-जाहो सुरू झालं होतं. मी म्हटलं, "आणि मी?" शेठ म्हणाले, "तुम्हाला काढून मला दुसरी केमिस्ट कुठे मिळणार आहे? मिळालीच तर तीही असंच करणार नाही कशावरून? तुम्ही निदान एकदा भाजलेल्या आहात."

गॅसचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. काडेपेटीची गोष्ट मला ठाऊक होती, मी विरोध तरी कुठल्या तोंडाने करणार? पण मला तो न्याय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. ज्याला आजाराने गाठलं तो भट्टीवरून उतरला. जिला कशानेच गाठलं नव्हतं ती राहिली. शेठनी वजनांचा तक्ता छापून भट्टीपाशी लावला, त्यावर ‘पद्धत’ असं लिहून पुढे माझं नाव. मी पेनने खाली मामांचं नाव लिहिलं. पुढच्या वर्षी तक्ता नव्याने छापला, त्यात ते नव्हतं. मी पुन्हा पेनने लिहिलं. शेठच्या ते लक्षात आलं असावं, पण त्यांनी छापलंही नाही आणि खोडलंही नाही.

मामा गेटवर बसू लागले. हिरवी प्लास्टिकची खुर्ची, एक छत्री, टेबलावर हजेरीचं रजिस्टर. येताना प्रत्येकाने आपली वेळ लिहून सही करायची. मी पहिले काही आठवडे खाली मान घालून सही करून आत पळायची. ते तर तक्रार करणाऱ्यांतले नव्हतेच.

एक दिवस राहवलं नाही. गाडी लावली आणि त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "मामा, ते मापटं आणलं नसतं तर तुम्ही अजून भट्टीवर असता. शेठना तुमच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी अर्धा-अर्धा दिवस तपासत राहिले असते, कसंतरी रेटलं असतं. मला तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"कळलं व्हतं की," मामा म्हणाले. "मापटं पिशवीत घातलं तवाच घरची म्हनली, नाक गेलं ते गेलं, आता हे पन देऊन टाकता का? मग ऱ्हाइलं काय तुमच्याकडं?"

"मग आणलंत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"पानी लाल जात व्हतं ना, ताई."

मागे एक गाडी येऊन थांबली, ते फाटक उघडायला उठले. मी रजिस्टर पुढे ओढलं. पानभर सगळ्यांच्या नावापुढे नऊ, नऊ, नऊ लिहिलेलं होतं, माझ्याही कालच्या, परवाच्या नावापुढे. घड्याळात नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती. मी नऊ सतरा लिहिलं आणि सही केली.